फळ्यावर न लिहिलेली चूक

नाना जेवायचे स्कूटरवर. चालत्या नव्हे, उभ्या. जळगावला पिंप्राळ्यात आमचं ऑफिस एका हार्डवेअरच्या दुकानावर होतं, आणि खाली जिन्याजवळ सगळ्यांच्या गाड्या लागायच्या. दीड वाजला की नाना डबा घेऊन खाली उतरायचे, आपल्या स्कूटरच्या सीटवर एका अंगाने बसायचे आणि भिंतीकडे तोंड करून कळण्याची भाकरी खायचे. मे महिन्यात त्या जिन्याखाली भट्टी पेटलेली असते. तरी तिथेच. वर पंखे होते, मोठं टेबल होतं, जेवायला माणसं होती. हार्डवेअरवाले शेटजी मला एकदा म्हणाले, "तुमच्या सायबाला घरच्यांनी टाकलंय का हो ताई?" मी म्हटलं, "घरच्यांनी नाही, स्वतःनेच टाकलंय." त्यांना ते कळलं नाही. मलाही तेव्हा पुरतं कळलेलं नव्हतं.

आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. मोठ्या हॉस्पिटलांसाठी नाही. एरंडोल, पारोळा, साक्री, पिंपळनेर इथले छोटे दवाखाने, जिथे एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि बाहेर बाकड्यावर चाळीस माणसं. पेशंटचं नाव, वय, जुनी औषधं सगळं कॉम्प्युटरवर. हेमंत आणि त्याच्या हाताखालची पोरं ते लिहायची, आणि त्यांनी लिहिलेलं आम्ही तपासायचो. आमच्या तपासणीचे प्रमुख नाना. त्यांची सही झाल्याशिवाय एक ओळसुद्धा बाहेर जायची नाही.

नानांचा पहिला नियम: तपासणाऱ्याने करणाऱ्याबरोबर जेवायचं नाही. चहासुद्धा नाही. "ज्याच्या ताटातली भाजी खाल्ली त्याची चूक दिसत नाही. दिसली तरी लहान दिसते," असं ते म्हणायचे. म्हणून हेमंतची मंडळी मोठ्या टेबलावर जेवायची आणि आम्ही मागच्या गॅलरीत. मग नाना आमच्यात तरी का बसत नव्हते? हे मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तोंड वर करून विचारलं होतं. ते म्हणाले, "तुमचं काम कोण तपासतं?"

"तुम्ही."

"मग?"

एवढं बोलून ते जिना उतरून गेले. काय माणूस आहे, असं मी बिल्किसला म्हटलं. बिल्किस माझ्या आधीपासून तिथे होती. ती म्हणाली, "सवय होईल. डोकं ठिकाणावर आहे त्यांचं, जरा जास्तच ठिकाणावर आहे."

या नियमाचं मूळ त्यांच्या बापाच्या दुकानात होतं. धुळ्याला त्यांच्या वडिलांचं तराजू-काटे दुरुस्तीचं दुकान. वर्षातून एकदा सरकारी माणूस यायचा, दुरुस्त केलेले काटे तपासायचा आणि बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा. "तो आमच्याकडे पाणी प्यायचा नाही," नाना सांगायचे. "धुळ्याचा उन्हाळा, माणूस घामाने निथळतोय, माझी आई तांब्या घेऊन उभी, आणि तो मान हलवून नको म्हणायचा. रस्त्यापलीकडच्या हापशावर जाऊन प्यायचा. मला त्याचा असा राग यायचा! मग मोठा झालो तसा हेवा वाटायला लागला." आता हेवा वाटावा असं त्यात काय होतं ते देव जाणे. पण नानांनी उभा जन्म त्या हापशावर काढला एवढं खरं.

माणसं निवडायची त्यांची तऱ्हाही अशीच. आमच्या पाच जणांत इंजिनिअर एकच होता, आणि त्याला नानांनी तो भांडकुदळ आहे म्हणून घेतला होता. बिल्किस आधी भावाच्या दुकानात शिवणकाम करायची. मुलाखतीला आली तेव्हा नानांनी तिला नवा कोरा शर्ट दिला आणि कसा वाटतो विचारलं. तिने तो आधी उलटा केला. नाना तिथल्या तिथे म्हणाले, "सोमवारपासून या."

मला त्यांनी चहा दिला. बिनसाखरेचा. मी अर्धा प्याले आणि मग हळूच म्हटलं, "साखर नाहीये यात."

"पहिल्या घोटाला कळलं?"

"हो."

"मग अर्धा कप का गिळलास?"

"लाज वाटली."

"ती सोडायची. बाकी मी शिकवतो." मला नोकरी लागली. बाहेर येऊन मी पोट धरून हसले होते.

शिकवलं मात्र त्यांनी. दुपारी भर कामात ते उठून मेन स्विच बंद करायचे. अख्खं ऑफिस काळंठिक्कर, हेमंतची पोरं बोंबलायची, आणि नाना शांतपणे विचारायचे, "पिंपळनेरला लाईट विचारून जाते का?" मग स्विच चालू करून बघायचे, कोणाचं किती वाचलं, किती गेलं. एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना शेंगदाण्याच्या तेलात बोटं बुडवून मोबाईल चालवायला लावला, कारण एक कंपाउंडर मालिशपण करून द्यायचा. चूक सापडली की ती कुठे आहे एवढंच लिहायचं, कोणी केली ते नाही. "चुकीला जागा असते, बाप नसतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. हेमंतच्या एखाद्या नव्या पोराने रडवेला होऊन माफी मागितली तर त्यांना कसंनुसं व्हायचं. "माफी कसली मागतोस? तू चुकतोस म्हणून माझी चूल पेटते."

मालक अधूनमधून यायचे. "नाना, उद्याच द्यायचंय हो, डॉक्टर मागे लागलेत."

"द्या की. माझी सही सोडून द्या."

मालक कपाळावर हात मारून परत जायचे. पण द्यायचे नाहीत. आम्ही पाच जण कामं टाकून ऐकत असायचो आणि आमची छाती फुगायची. खरं सांगते, त्या माणसाच्या हाताखाली काम करताना कोणाची भीती वाटली नाही. मालकाचीही नाही. लोकांच्या शिव्या नाना खायचे, आम्ही मागच्या गॅलरीत भरीत खायचो.

ऑफिसच्या भिंतीवर एक फळा होता, शाळेतल्यासारखा काळा, खडूचा. दवाखान्यात गेल्यावर एखादी चूक निघाली, म्हणजे आमच्या हातून निसटली, तर ती त्या फळ्यावर लिहायची. तिथे मात्र नाव लिहायचं: करणाऱ्याचं नाही, पास करणाऱ्याचं. माझं नाव सात वेळा लागलं. बिल्किसचं चार वेळा. नानांचं एकदाही नाही, बारा वर्षांत. शेवटची सही त्यांची असायची, पण सहीच्या आधी ते स्वतः जे तपासायचे त्यातून काही सुटत नव्हतं.

लोकांना वाटायचं नानांना त्याचा गर्व आहे. गर्व कसला! त्यांना त्याचा घोर लागलेला होता. एकदा पारोळ्याहून बसने येताना ते मला म्हणाले, "माझं कोणीच तपासत नाही गं. बारा वर्षांत माझी एकही चूक नाही, हे शक्य आहे का? याचा अर्थ ती कोणाला दिसत नाहीये. किंवा दिसते आणि कोणी बोलत नाही." एरंडोल गेल्यावर म्हणाले, "तुमच्यापैकी कोणी माझी चूक फळ्यावर लिहील ना, त्या दिवशी मी वर तुमच्यात जेवायला बसेन. मग फिटंफाट. तुम्ही माझे तपासनीस, मी तुमचा." मला हसू आलं. पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की या माणसाला वर येऊन जेवायचंय. बारा वर्षं त्याला वर येऊन जेवायचंय आणि स्वतःच्याच नियमाने तो खाली अडकून पडलाय.

लग्न नव्हतं केलेलं. मुलगी बघायला गेले होते एकदा, तिथे चहा येण्याआधीच म्हणाले, "तुमच्या दाराची कडी उलटी बसवलीय." मुलीच्या बापाने कडी सुलटी करून घेतली आणि नकार कळवला. हा किस्सा नाना स्वतःच सांगायचे, आम्ही खो खो हसायचो, तेही हसायचे. शनिवारी संध्याकाळी धुळ्याची बस धरायचे, देवपुरात वडिलांची दोन खोल्यांची जागा होती तिथे जायचे, सोमवारी परत. तिथे कोण असतं, असं मी एकदा विचारलं. "कुलूप," म्हणाले.

माझ्यावर त्यांचा जीव होता. आता हे मी म्हणते, त्यांनी कधी म्हटलं नाही. पण शेवटच्या वर्षा-दोन वर्षांत मी तपासलेलं काम त्यांच्याकडे गेलं की ते कागद बाजूला ठेवून म्हणायचे, "तुझं मी पुन्हा बघत नाही." दुसऱ्या कोणाला ते असं म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. मला त्याचा केवढा तोरा होता! गॅलरीत बिल्किसला पन्नास वेळा सांगून झालं असेल.

आणि मग मीच माती खाल्ली.

नाना रिटायर व्हायला महिना उरला होता. नवीन सॉफ्टवेअर तयार झालं होतं, नानांनी तीन आठवडे ते स्वतः पिंजून काढलं होतं आणि सही केली होती. त्यात एक सोय होती: पेशंटचा मोबाईल नंबर टाकला की त्याची सगळी माहिती समोर. नाव विचारायला नको, वय विचारायला नको. फोन तोच म्हणजे माणूस तोच. सोमवारी ते पिंपळनेरच्या एका दवाखान्यात बसवायचं होतं. आदल्या शुक्रवारी मी सुट्टी घेऊन मावशीकडे गेले. मावशीचं गाव पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. तिथे फोनला रेंज मिळते ती फक्त किराणा दुकानाच्या ओट्यावर. मावशी गुडघ्याच्या गोळ्या संपल्या म्हणून कुरकुरत होती, तिचा दवाखान्याचा कागद मी सहज बघितला. वर फोन नंबर होता. मी म्हटलं, "मावशी, तू फोन कधी घेतलास?"

"मी कसाले लेस? दुकानवाला भाऊना नंबर शे तो."

"आणि काकांचा?"

"तोच. बठ्ठासना तोच शे ना बेटा. गावमा दुसरा कोनाले लागस?"

अख्खं गाव एका नंबरावर. रेशनला तोच, शाळेत तोच, दवाखान्यात तोच. आमच्या सॉफ्टवेअरला ही सगळी माणसं मिळून एकच माणूस दिसणार होता. दुकानदाराच्या साखरेच्या गोळ्या, मावशीचे गुडघे, कोणा बाळाचा खोकला आणि कोणाला सोसत नसलेलं इंजेक्शन, सगळं एकाच्या नावावर. उद्या घाईच्या वेळी डॉक्टरने समोर दिसतंय त्यावर भरवसा ठेवला तर? एकट्या माणसाचा एक फोन असतो, नाना एकटे होते, त्यांना हे सुचलंच नसावं. आणि मी? मी तर तिकडचीच. मलाही सुचलं नव्हतं. पण सही त्यांची होती.

मी त्याच ओट्यावर उभी राहून हेमंतला फोन लावला. रविवारी सकाळी त्याच्या घरी पोचले. तो दिवसभर बसला आणि नंबर टाकल्यावर नाव आणि वय विचारल्याशिवाय पुढे जायचंच नाही असं त्याने करून टाकलं. मी त्याच्या शेजारी बसून तपासलं. त्याच्या आईने शेवभाजी केली होती, ती मी जेवलेसुद्धा. नियमाची आठवण झाली, नाही असं नाही. पण भूक लागली होती आणि भाजी झणझणीत होती.

सोमवारी दवाखान्यात बरोबर सॉफ्टवेअर जाणार, कोणाच्या केसाला धक्का लागणार नाही. राहिला फळा. निसटलेली चूक तिथे लिहायची असते, आणि ही निसटलीच होती, सहीच्या पलीकडे गेली होती. मी बिल्किसला सांगितलं.

बिल्किस म्हणाली, "लिही."

"वेडी आहेस का? महिन्याने निरोप समारंभ आहे. मालकांनी भाषण लिहून ठेवलंय, बारा वर्षांत एकही चूक निसटली नाही म्हणून. म्हाताऱ्याचा शेवट कडू करू?"

"त्यांना आवडेल. त्यांनी स्वतः सांगितलंय ना?"

"बोलायच्या गोष्टी असतात त्या. आणि तू मला नानांबद्दल शिकवू नकोस."

इतकं तोडून बोलले मी तिला. मला वाटत होतं मी नानांना सांभाळतेय. बसमधलं त्यांचं बोलणं मला आठवत होतं, शब्दन् शब्द आठवत होतं, आणि तरी मी लिहिलं नाही. याला काय म्हणायचं? प्रेम म्हणायचं असेल तर म्हणा. मी आता त्याला भित्रेपणा म्हणते.

नाना सोमवारी स्वतः पिंपळनेरला गेले. सॉफ्टवेअर बसवताना ते त्याच्या आवृत्तीचा आकडा आपल्या वहीतल्या आकड्याशी ताडून बघायचे, सही केली तेच बसतंय ना म्हणून. आकडा जुळला नाही. त्यांनी तिथूनच हेमंतला विचारलं, आणि हेमंतला खोटं बोलता येत नाही. मंगळवारी नाना ऑफिसात आले, माझ्या टेबलापाशी थांबले. मला वाटलं आता पट्टा सुटणार. ते म्हणाले, "सुधारणा चांगली केलीय. नाव आणि वय दोन्ही विचारायचं, बरोबर आहे."

मी उठले, फळ्याकडे गेले, खडू उचलला.

"आता नको," ते म्हणाले. "मला कळल्यावर लिहिलेलं ते काय कामाचं?" आणि दीड वाजला तसे खाली गेले.

महिनाभर ते माझ्याशी नीट वागले. नको इतकं नीट. माझे कागद घ्यायचे, "ठीक" म्हणायचे आणि माझ्या डोळ्यांदेखत पहिल्या ओळीपासून तपासायला घ्यायचे. निरोपाच्या दिवशी मालकांनी भाषण केलं, बारा वर्षांचं ते वाक्य म्हटलं, टाळ्या पडल्या. नाना उभे राहिले. "हे खरं नाही," म्हणाले. "एक निसटली होती. ज्यांनी ती पकडली त्यांचे आभार." माझं नाव घेतलं नाही. जेवणाची पानं मांडली होती, दाल-बट्टी होती. ते नमस्कार करून गाडी काढून गेले. मालक मला विचारत होते, "असं काय केलं हो नानांनी?" मी काय सांगणार, कप्पाळ!

त्यांच्या जागी मला बसवलं. मी सगळ्यांबरोबर जेवते, हेमंतबरोबरही. काम बरं चाललंय असं लोक म्हणतात. मला मात्र रोज दुपारी जेवण जात नाही, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

रिटायर झाल्यावर नाना धुळ्यालाच राहायला गेले होते; चार महिने मी तिकडे जायचं टाळलं. मग एका दिवशी एरंडोलच्या दवाखान्यातून फोन आला: "ताई, तुमचे जुने नाना येऊन बसतात हो इथे. बाकड्यावर, पेशंटमध्ये. दुपारी गर्दी ओसरली की कॉम्प्युटर दाखवा म्हणतात. काय करायचं?" पारोळ्याला विचारलं, तिथेही येऊन गेले होते. साक्रीलाही. मी दुसऱ्याच दिवशी बस धरली.

देवपुरातली खोली स्वच्छ होती. एक खाट, एक टेबल, टेबलावर वह्यांची चळत. नानांनी दार उघडलं आणि घरातल्या बोलीत म्हणाले, "ये. बस आठे." ऑफिसात ते कधी अहिराणी बोलले नव्हते. मला रडू फुटलं.

"नाना, हे काय चालवलंय तुम्ही? का फिरताय?"

"पुन्हा बघतोय. बारा वर्षांचं."

"काय बघायचंय त्यात? चांगलं काम केलंय तुम्ही."

"तेच तर माहीत नाही." त्यांनी वही उघडली, बंद केली. "तू एक झाकलीस. मला वाईट वाटू नये म्हणून झाकलीस, ते कळतं मला. माणूस जीव लावतो तेव्हा असंच करतो. पण मग मी विचार केला, या बारा वर्षांत मला जीव लावणारी तू एकटीच होतीस का? बाकीच्यांनी किती झाकल्या असतील? आणि तू तरी, अजून किती?"

"एकच, नाना! मायनी आन, एकच."

"कशावरून?"

मी म्हटलं, "बिल्किसला विचारा. ती खोटं बोलणार नाही."

"ती तुझ्याबरोबर जेवायची रोज," नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता. खरंच राग असता तर बरं झालं असतं. माझ्याकडे होता तो माझा शब्द, आणि तो खरा होता, आणि त्या खोलीत त्याचा काही उपयोग नव्हता. मी एकच चूक झाकली होती, एकच. हे जगात फक्त मला ठाऊक होतं आणि ज्याला सांगायचं त्याला मला सांगता येत नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "परत कधीची गाडी?"

"साडेचारची आहे, नाना."

ते उठले. फोन उचलला, स्टँडच्या चौकशीला लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. ते पाठमोरे उभे होते. मग कोणीतरी उचलला, त्यांनी जळगावची गाडी विचारली, ऐकून घेतलं, फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "साडेचार. बरोबर आहे."